कंसातलं माप

माझ्या घटस्फोटाची भिंत मीच आखली, आणि पुष्कळ दिवस मला त्याचा अभिमान होता. वकिलाच्या टेबलावर घराचा नकाशा पसरून मी म्हटलं, घर विकायचं नाही, मी जाणार नाही, हा तर जाणारच नाही, तेव्हा मधून वळती टाका. निनाद समोरच बसला होता. त्याने वकिलाला विचारलं, "ही काय असते?" इतकी वर्षं माझ्याशी संसार करून त्याला मी ऑफिसात नेमकं काय करते ते माहीत नव्हतं.

वळती म्हणजे काय ते आता नाशकात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण तेव्हा आमच्या कंपनीने ती नुकतीच बाजारात आणली होती. वीतभर रुंदीच्या फासळ्या एकीला एक जोडून केलेली भिंत. प्रत्येक सांध्यात एक धातूची पट्टी, तिच्यातून वीज गेली की ती किंचित वाकते. सगळ्या पट्ट्या थोड्या थोड्या वाकल्या की अख्खी भिंत वळण घेते. दिवसाला फार तर बोटभर सरकते, कपाटात साडी सरकावी तेवढाच आवाज करून. फरशीखालच्या पट्ट्या कोण कुठे किती वेळ वावरतं ते टिपतात, आणि जो जिथे जास्त वावरतो त्याला भिंत तिथे जागा देते. जिथे कोणीच जात नाही तिथे भिंतीच्या दोन बाजू एकमेकींपासून सुटतात आणि मधली जागा बंद करून टाकतात. वापर नसलेली जागा थंड ठेवायला वीज कशाला जाळायची, हा हिशेब.

याच्या मागचं सॉफ्टवेअर आमच्या चमूचं. साध्या नकाशात रेघ ही रेघच असते, काढली की संपली. आमच्या नकाशात रेघ नात्यांनी धरलेली असते. ही वक्ररेषा बाहेरच्या भिंतीला काटकोनातच भेटेल, नाहीतर कोपऱ्यात धूळ साचते. शेजारच्या दोन फासळ्यांमधला कोन बारा अंशांवर जाणार नाही, नाहीतर सांधा तडकतो. या पॅसेजची रुंदी दारापेक्षा कमी होणार नाही. आता एक आकडा बदला, बाकी सगळं आपापली नाती सांभाळत सरकतं. केतकी नाती सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिते, असं निनाद चारचौघांत सांगायचा आणि हसायचा. त्याच्याकडे तेवढा एकच विनोद होता आणि तो त्याने माझ्या माहेरीही सांगितला होता.

एक गोष्ट मात्र या धंद्यातल्या माणसांनाच माहीत असते. सगळ्या अटी पाळूनही उत्तरं बहुतेक वेळा दोन निघतात. वळण डावीकडे पोट काढूनही बसतं, उजवीकडेही बसतं. मशीनला दोन्ही सारखीच. मग ते कोणतं निवडतं? माणसाने हाताने काढलेल्या पहिल्या कच्च्या रेघेच्या जे जवळ असेल ते. म्हणून आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतात, पहिली रेघ वेडीवाकडी चालेल, पण जिकडे उत्तर हवं तिकडे झुकलेली काढा. मी हे साचीला, माझ्या मुलीला, ती पाटीवर मुळाक्षरं गिरवायची त्या वयात मांडीवर घेऊन शिकवलं होतं.

त्या दिवशी वकिलाने विचारलं, पहिली रेघ कोण काढतंय? निनाद म्हणाला, काढू दे तिला, तिचंच काम आहे. मी काढली. पूर्वेच्या गॅलरीकडे हलकेच झुकवून. गॅलरी माझ्याकडे आली. निनादला ते कळायला सहा महिने लागले, आणि कळलं त्या दिवशी मी घरी शिरा केला.

आमचं भांडण कशावरून झालं ते सांगत बसत नाही. प्रत्येक जोडप्याचं असतं तेच, फक्त आम्ही ते जास्त मन लावून केलं.

निनादचा धंदा आवाजाचा. पुस्तकं, जाहिराती, लिफ्टमधल्या सूचना, मिळेल ते वाचून रेकॉर्ड करतो. भिंत आली तशी त्याने रेकॉर्डिंगची खुर्ची हॉलमध्ये भिंतीला टेकून ठेवली आणि दिवसभर तिथेच बसायला लागला. पंधरवड्यात माझ्या स्वयंपाकघरात भिंतीचं पोट आलं. कट्ट्यापाशी मला तिरकं उभं राहावं लागायला लागलं. असं काय, म्हटलं. मी माझं कामाचं टेबल उचललं आणि बरोबर त्याच्या पाठीमागे भिंतीला लावलं. तो वाचायला लागला की मी मिक्सर रिकामा फिरवायचे. मग तो बाथरूममध्ये जाऊन रेकॉर्ड करायचा, तेवढ्या वेळात माझ्या बाजूला दोन सूत जागा यायची. दोन सूत जागा काय करणार होते मी? काहीच नाही. पण ती त्याची गेलेली असायची.

तर असे आम्ही दोघं दिवसचे दिवस पाठीला पाठ लावून बसायचो, मध्ये चार बोटांची भिंत. बेडरूम, गॅलरी, मागचा पॅसेज, कुठेच कोणी फिरकत नव्हतं. जेवणसुद्धा मी टेबलावरच घ्यायचे. भिंतीत छातीच्या उंचीवर एक झडप होती, आग लागली तर एकमेकांना हाक मारता यावी म्हणून ठेवायची सक्ती असते. आम्ही तिचा उपयोग शिव्या द्यायला करायचो.

साचीची खोली घराच्या मागच्या अंगाला, मधोमध. समोर खिडकी, खिडकीत अबोलीची कुंडी. करारात ती खोली कोणाचीच नव्हती. साची ज्याच्याकडे राहील त्याच्या बाजूला भिंत ती खोली घेणार होती. साची भिंतीआधीच राहुरीला शेतकीच्या कॉलेजात, होस्टेलवर गेली होती. सुट्टीत ती कोणाकडे राहणार हा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे. मुलीची जात, आईकडेच राहणार. मी भिंतीच्या माहितीत सुरुवातीलाच तसं भरून टाकलं होतं.

गणपती झाले आणि कितीतरी दिवसांनी मागच्या पॅसेजमध्ये कपडे वाळत घालायला गेले तर साचीच्या खोलीचं दारच नाही. तिथे भिंत. गुळगुळीत, माझ्याकडे फुगलेली. मी तशीच ओल्या हातांनी झडपेशी गेले.

"खोली गिळलीस ना तिची?"

"मी?" निनाद म्हणाला. "खोली तुझ्याकडे गेली आहे, केतकी. माझ्या पॅसेजमध्ये हे एवढं पोट आलंय."

"खोटं बोलतोस."

"ये आणि बघ."

"तुझ्या बाजूला मी पाऊल ठेवणार नाही."

"मग बस बोंबलत."

त्याने झडप लावून घेतली. मी नोटीस पाठवली. त्याचीही नोटीस आली, माझ्याच वकिलाची भाषा चोरलेली. खरं म्हणजे नकाशा उघडला असता तर एका मिनिटात कळलं असतं, पण कोर्टाने तो दोघांच्या अंगठ्यांनी बंद केला होता. मी या धंद्यातली, म्हणून एकटीने हात लावायचा नाही, अशी खास अट माझ्यासाठी. जिन्यात मीटरच्या शेजारी काचेचा पडदा बसवला होता, दोघांनी एकाच वेळी अंगठा टेकवला तरच उघडणार. मी निरोप दिला, तू आधी लाव. त्याने निरोप दिला, तू आधी. त्यात पुढचा महिना-सव्वा महिना गेला.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी साची आली. पाठीवर सॅक, हातात राहुरीहून आणलेली शेवग्याची दोन रोपं. बेल मारण्याआधी ती थोडा वेळ जिन्यात थांबली होती, ते मला नंतर शेजारच्या दुसानेकाकूंनी सांगितलं.

मी दार उघडल्यावर ती चपला न काढता सरळ मागे गेली. तिच्या पाठोपाठ मी, तिच्या बाबांनी काय केलं ते सांगत. तिने भिंतीवर टकटक केलं. पोकळ वाजली. ती तशीच बाहेर आली आणि निनादची बेल मारली. त्याच्या घरातून मला पुन्हा तीच टकटक ऐकू आली, लांबून. मग ती जिन्याच्या पायरीवर येऊन बसली, रोपं मांडीवर घेऊन. आम्ही दोघं आपापल्या दारात.

"खालून येताना बघितलं मी," ती म्हणाली. "अबोली वाळलीय."

"ते बाबांना विचार," मी म्हटलं.

"मी सांगतो तुला काय झालं," निनाद एकदम म्हणाला. त्याचा तो जाहिरातीतला आवाज.

"तुम्ही दोघं गप्प बसा. अंगठे लावा."

"तो लावेल तर—"

"आई."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी अंगठा टेकवला. माझ्या अंगठ्याशेजारी निनादचा अंगठा आला. त्याच्या नखाशी शाईचा डाग होता. इतक्या जवळून मी त्याचा हात वर्षभरात पाहिला नव्हता, आणि मला तो आवडला नाही.

नकाशा उघडला. पुढच्या भागात, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये, भिंत एखाद्या चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसत होती. प्रत्येक सांध्यात बारा अंश, एकही मोकळा नाही. आम्ही दोघांनी दोन्हीकडून रेटून तिची अशी दशा केली होती. आणि मागे, जिथे कोणी फिरकत नव्हतं, तिथे भिंतीच्या दोन्ही बाजू अलग होऊन साचीच्या खोलीभोवती बंद झाल्या होत्या. खोली कोणीच गिळली नव्हती. ती मधल्या पोकळीत होती.

"बघ," निनाद म्हणाला. "मी सांगत होतो."

"तू कुठे हे सांगत होतास? तू म्हणत होतास माझ्याकडे आहे."

साची पडद्याजवळ गेली. "मी कुठे आहे यात?"

मी तिचं नाव शोधलं. सापडलं. खोलीच्या कडेला बारीक अक्षरात, कंसात.

मला समजायला एक क्षण लागला. दुसानेकाकू दार किलकिलं करून बघत होत्या. मी साचीला सांगायला सुरुवात केली, ऑफिसात नवीन मुलांना सांगते तसं, सपाट आवाजात. एका बाजूने लिहिलंय, साची माझ्याकडे. दुसऱ्या बाजूनेही लिहिलंय, साची माझ्याकडे. दोन्ही अटी पक्क्या, दोन्ही एकाच वेळी खऱ्या होऊ शकत नाहीत. अशा वेळी सॉफ्टवेअर अडून बसत नाही. ते दोन्हीमधला जोर काढून घेतं आणि तिचं माप, म्हणजे तिची नोंद, कंसात टाकतं. कंसातलं माप दिसतं, रोज नव्याने मोजलंही जातं, पण त्याच्यामुळे नकाशात काही बदलत नाही.

"आणि तुम्हाला विचारत नाही?"

"नाही."

"का?"

"विचारलं की लोक कंपनीला सारखे फोन करतात. म्हणून तसा नियम केला."

"कोणी?"

निनादने माझ्याकडे बघितलं. त्याला उत्तर माहीत होतं, आणि त्याला किती आनंद झाला आहे तेही मला दिसत होतं.

"मी," मी म्हटलं.

साचीने मान हलवली. "म्हणजे मला मोजतात," ती म्हणाली, "पण माझ्यामुळे काही हलत नाही."

 खाली कोणीतरी आकाशकंदिलाची वायर ओढत होतं.

"सोपं आहे," मी घाईने म्हटलं. "दोघांपैकी एकाने आपली अट काढली की दुसऱ्याची लागू होते. आठ दिवसांत खोली उघडेल."

"मग काढ," निनाद म्हणाला.

"तू काढ."

"चूक तुझ्या सॉफ्टवेअरची आहे."

"आणि खोटी माहिती तू भरलीस. ती तुझ्याकडे कधी राहिली आहे? तिला ताप आला की कोण जागतं ते विचार तिला."

"बारावीला तिला रोज क्लासला मी सोडलंय. तू तेव्हा लोकांच्या भिंती वाकवत होतीस."

सांगते ते नीट समजून घ्या. अट काढणं म्हणजे नुसतं एक बटण नव्हतं. त्या नकाशाची नोंद कोर्टात पुरावा म्हणून चालते. मी अट काढली असती तर पुढच्या तारखेला निनादच्या वकिलाने उभं राहून सांगितलं असतं, आईनेच मुलगी सोडली. माझं बोट माझ्या अटीवर होतं, पडद्यापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. त्याचंही त्याच्या अटीवर होतं. मी आजवर समजत होते की अशा वेळी आईचं बोट आपोआप खाली येतं. नाही येत. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. साचीकडे नाही.

ती किती वेळ थांबली ते मला सांगता येणार नाही. मग तिने रोपं पायरीवर ठेवली आणि आमच्या दोघांच्या मधून हात घालून पडद्यावर स्वतःचा अंगठा टेकवला.

"काय करतेस?" निनाद म्हणाला.

"मला ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली, बाबा. तुझा फोन आला होता. आईचाही."

करारात एक कलम होतं. साची सज्ञान झाल्यावर तिला स्वतःची बाजू मागता येईल. ते कलम माझ्या वकिलाने घातलं, कारण ती माझी बाजू मागेल अशी माझी खात्री होती. निनादच्या वकिलाने त्याला हरकत घेतली नाही, कारण निनादचीही तशीच खात्री होती. त्या सगळ्या करारात आमचं एकमत झालं ते या एका ओळीवर.

पडद्यावर अक्षरं आली. नवीन रहिवासी. पहिली रेघ काढा.

"साची, थांब," मी म्हटलं. "मी सांगते कशी काढायची."

"मला येते."

तिने बोट टेकवलं. आमची दोन दारं जिन्यात शेजारीशेजारी, मध्ये हातभर रुंदीची पट्टी. तिने त्या पट्टीपासून सुरुवात केली आणि बोट सरळ मागे नेलं, घराच्या पोटातून, खिडकीतल्या अबोलीपर्यंत. इकडे झुकवलं नाही, तिकडे झुकवलं नाही. मग पहिलीला लागून दुसरी रेघ काढली, एक माणूस जाईल एवढं अंतर ठेवून. सगळे कोन शून्य. मी आजवर कोणाच्या घरात अशी रेघ पाहिली नव्हती, कारण सरळ भिंतीवर कुठलीच दोन माणसं राजी होत नाहीत.

"माझं स्वयंपाकघर कापलं जाईल त्यात," मी म्हटलं.

"होऊ दे."

"आणि माझी रेकॉर्डिंगची खुर्ची—"

"बाबा, होऊ दे."

मशीनने थोडा विचार केला आणि रेघ हिरवी झाली. सगळ्या अटी जमल्या होत्या. आमच्या दोघांच्या बाबतीत ते इतक्या पटकन कधी झालं नव्हतं. साचीने रोपं उचलली आणि ती दुसानेकाकूंच्या दारात गेली. "काकू, मी तुमच्याकडे राहू का? खोली होईपर्यंत?"

"राहा की बाई," काकू म्हणाल्या. "चकलीला हात लागतीलच." मग दार लावताना माझ्याकडे बघून, "केतकी, काय गं हे," एवढंच.

त्या वर्षी मी फराळाचं काही केलं नाही. साचीने तुळशीच्या लग्नाच्या आत आपल्या खोलीत पणती लावली. आमच्या दारांमधली पट्टी तोवर सरकून दार झाली होती, अरुंद, तिच्या एकटीच्या मापाचं. ती कॉलेजला गेली की ते बंद असतं. सुट्टीला आली की मी टकटक करते आणि ती उघडते. चहा घेते, कॉलेजचं बोलते, नीट वागते. निनादकडेही तेवढाच वेळ जाते. मी घड्याळ लावून बघितलं आहे.

आता माझ्या भिंतीपलीकडे निनाद नाही, साचीचा पॅसेज आहे. मी एकदा जुन्या सवयीने मिक्सर रिकामा फिरवला. पलीकडे कोणी खाकरलं नाही, कोणी झडप आपटली नाही. मला इतकं एकटं वाटलं की मी त्यात खोबरं टाकून चटणी केली. झडप आता पॅसेजमध्ये उघडते. तिच्यातून समोरची निनादची झडप दिसते, बंद. परवा तो जिन्यात भेटला, दाढी वाढलेली.

"तुझ्या नियमामुळे झालं," तो म्हणाला.

"तुझ्यामुळे झालं," मी म्हटलं. दोघांच्याही बोलण्यात काही दम नव्हता. तो मीटरकडे बघत उभा राहिला आणि मग आत गेला.

तिसरी रहिवासी आल्यापासून नकाशा तिघांनाही फोनवर बघता येतो. बदलता येत नाही, नुसता वाचता येतो. काल दुपारी मी तो उघडला. साचीच्या बाजूला तिने स्वतः दोन मापं घातली होती. एक, "आईच्या खुर्चीपासून माझ्या दारापर्यंत." दुसरं, "बाबांच्या खुर्चीपासून माझ्या दारापर्यंत." दोन्ही कंसात. चुकून पडलेली नव्हेत, तिने मुद्दाम कंसात टाकलेली.

ते बघून मला रडू यायला हवं होतं. आलंही असतं. पण त्याआधी मी दोन्ही आकडे वाचले, आणि बाबांचा माझ्यापेक्षा वीतभर कमी होता.

मी उठले आणि खुर्ची दाराकडे ओढली. फोनवरचा माझा आकडा कमी झाला. त्याच्यापेक्षा कमी झाला. भिंत आहे तिथेच होती. मी खुर्चीत बसून बघत राहिले. थोड्या वेळाने लांबून, साचीच्या पॅसेजच्याही पलीकडून, फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि दुसरा आकडा खाली उतरला.

मी माझी आणखी पुढे घेतली.